न्यासाचा सोंगाड्या

आमच्या दिवाणखान्यात एक आफ्रिकन पाहुणा राहतो आणि तो आठवड्यातून दोन-तीन वेळा मरतो. सहा फुटी काचेच्या टाकीत, तळच्या वाळूवर, एका कुशीवर कलंडून तो पडून राहतो. पांढुरक्या-निळसर अंगावर तपकिरी डागांची अशी काही गिचमिड असते की, पाहणाऱ्याला तो सडू लागलेला मासाच वाटावा. कल्ले हलतात की नाही हेदेखील वाकून पाहावे लागते. घरी नवखे कोणी आले की, "अहो, तुमचा मासा गेला वाटतं!" असे हळहळून सांगते, आणि आमची सौभाग्यवती, "जातो आणि येतो तो," एवढे बोलून चहा टाकायला आत जाते.

आपल्याकडे ह्या प्रकाराला बकध्यान म्हणतात. पंचतंत्रातला बगळा एका पायावर उभा राहून वैराग्याचे सोंग करतो. ह्या महाशयांनी त्याच्यावर ताण केली आहे. हे सरळ मरूनच पडतात. त्यांच्या मूळ सरोवरात लहान मासे हे कलेवर कुरतडायला जवळ येतात, आणि ते टप्प्यात आले की मेलेला उठतो, तोंड वासतो आणि एखाद्याला गिळून पुन्हा मार्गस्थ होतो. केनेथ मॅके नावाच्या संशोधकाने तिथल्या पाण्यात उतरून हे नाटक आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि १९८१ साली त्यावर शास्त्रीय निबंध लिहिला. आमच्या टाकीत मात्र नाटकाला गिऱ्हाईक नाही. बरोबरची मंडळी त्याच्याच अंगाची आणि त्याच्याच जातीची. त्यांना सगळी सोंगे ठाऊक. तरी तो अधूनमधून मरतोच. गाणे सुटलेल्या गवयाने नुसतीच बोटे हलवावीत, तसे ते दिसते.

दुकानात त्याला 'लिव्हिंगस्टोनी' म्हणतात. शास्त्रातले पूर्ण नाव 'निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी', घराणे सिक्लिडांचे. ज्या सरोवरातून तो आला, तिथले कोळी मात्र त्याला 'कालिगोनो' म्हणतात. त्याचा अर्थ झोपाळू, निजणारा. मला विचाराल तर हे नाव शंभर हिश्श्यांनी सरस आहे. पण १८९४ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील अल्बर्ट ग्युंथर ह्यांनी बाटलीत आलेला मासा पाहून त्याचे वर्णन केले. बाटलीतला मासा झोपतो कसा हे त्यांना कळावे कोठून? त्यांनी डॉक्टर डेव्हिड लिव्हिंगस्टनचे नाव त्याला दिले आणि मोकळे झाले.

ह्या नावाच्या मागे लागलो, आणि टाकीतले पाणी बदलता बदलता मी मुंबईच्या बंदरात, तेथून नाशिकच्या शरणपुरात आणि शेवटी आमच्या मुठेच्या काठी येऊन पोचलो. तीच हकीकत वाचकांपुढे ठेवायची आहे.

आधी सरोवराविषयी. पूर्व आफ्रिकेतले हे पाणी साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक लांब आणि काही ठिकाणी सातशे मीटर खोल. आज त्याला मलावी सरोवर म्हणतात. जुन्या नकाशांत 'न्यासा सरोवर' असे आहे. तिथल्या भाषेत न्यासा म्हणजेच मोठे पाणी, सरोवर. तेव्हा 'न्यासा सरोवर' म्हणणे आपल्या 'विंध्याचल पर्वता'सारखेच झाले. सिक्लिडांच्या शेकडो जाती ह्या एका पाण्यात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. कोणी खडकावरचे शेवाळ खरवडतो, कोणी वाळू गाळतो, कोणी दुसऱ्याचे खवले ओरबाडतो, आणि आमचा हा मरून दाखवतो. माद्या अंडी तोंडात धरतात. पिले बाहेर पडेपर्यंत सुमारे तीन आठवडे त्यांचा कडकडीत उपास असतो. आमच्या मादीने पहिल्यांदा तो धरला, तेव्हा सौभाग्यवतीने तिच्याविषयीचे आपले मत कायमचे बदलले.

लिव्हिंगस्टन ह्या सरोवरावर सप्टेंबर १८५९ मध्ये पोचला. त्याच्याबरोबर जॉन कर्क नावाचा डॉक्टर होता. त्याने तिथले मासे जमवून लंडनला पाठवले आणि १८६४ साली ग्युंथरनेच त्यांचे वर्णन केले. न्यासाच्या सिक्लिडांची विद्वानांशी झालेली ही पहिली ओळख. लिव्हिंगस्टनला माशांपेक्षा गुलामांच्या व्यापाराची काळजी अधिक होती. सरोवराच्या काठाने माणसांच्या तांड्यांचे तांडे समुद्राकडे हाकले जात होते. सरोवरावर एक आगबोट फिरती ठेवली तर हा व्यापार मोडेल, असे त्याला वाटे. म्हणून त्याने पदरचे सहा हजार पौंड घालून एक बोट बांधवली आणि तिचे नाव 'लेडी न्यासा' ठेवले. बोट सरोवरापर्यंत कधी गेलीच नाही. वाटेतले धबधबे आड आले, इंग्लंडच्या सरकारने मोहीम परत बोलावली, आणि बोट विकायची पाळी आली.

ती विकायला तो मुंबईस आला. ३० एप्रिल १८६४ रोजी जंगबारहून निघून, अडीच हजार मैलांचा समुद्र ह्या नदीतल्या बोटीतून ओलांडून, जूनच्या मध्याला, पावसाळ्याच्या अगदी तोंडावर तो मुंबई बंदरात शिरला. कप्तान स्वतःच. खलाशी म्हणून तीन गोरे, झांबेझीकाठचे सात आफ्रिकन आणि दोन पोरे. त्या पोरांतल्या एकाचे नाव चुमा. गुलामांच्या तांड्यातून सोडवलेला हा मुलगा. त्याला आणि त्याच्या सोबत्याला लिव्हिंगस्टनने मुंबईत डॉक्टर जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत ठेवले आणि तो विलायतेला गेला. बोट पुढल्या वर्षी २,३०० पौंडांना गेली. ते पैसे इथल्या एका पेढीत ठेवले आणि पेढी बुडाली. आफ्रिकेतले सिंह परवडले, असे त्याला वाटले असल्यास नवल नाही.

त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता सर बार्टल फ्रियर. पुणेकरांना हा माणूस परका नाही. गणेशखिंडीतली जी भव्य इमारत आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आपण पाहतो, तिचे काम ह्याच फ्रियरने ह्याच १८६४ साली सुरू केले. खर्च इतका वाढला की विलायतेपर्यंत बोलबाला झाला. ह्या उधळ्या पण दिलदार गव्हर्नरने लिव्हिंगस्टनला मदत देऊ केली. १८६५ साली लिव्हिंगस्टन पुन्हा मुंबईस आला तो नव्या मोहिमेची माणसे जमवायला. आणि त्यासाठी तो नाशिकला गेला.

नाशिकला का, ते सांगायला हवे. समुद्रावर गुलाम वाहणारी गलबते इंग्रजी आरमार पकडत असे. त्यांतून सुटलेल्या मुलांना घर नसे, गाव नसे. त्यांतली कित्येक मुंबईत उतरवली जात आणि पुढे नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात पाठवली जात. आजच्या नाशिककराला शरणपूर रस्ता म्हणजे दुकाने आणि दवाखाने. पण तेव्हा तिथे न्यासाकाठची, रोवुमाकाठची काळी पोरे सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकत होती. गोदेच्या काठी वाढलेल्या ह्या मुलांच्या कानांवर मराठी पडली नसेल असे मला काही केल्या वाटत नाही. त्यांतल्या नऊ जणांना घेऊन, मुंबईच्या मरीन पलटणीचे शिपाई, तीन म्हशी, एक रेडकू, सहा उंट, खेचरे, गाढवे आणि एक केसाळ कुत्रा एवढा लवाजमा करून लिव्हिंगस्टन ३ जानेवारी १८६६ रोजी मुंबईहून निघाला. उंट आणि म्हशी कशाला, तर आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीपुढे त्या टिकतात का ते पाहायला. त्या टिकल्या नाहीत. शिपायांचेही जमले नाही. त्यांना वाटेतूनच परत धाडले गेले.

नाशिकची मुले मात्र चालत राहिली. ८ ऑगस्ट १८६६ रोजी ही मंडळी न्यासाच्या काठी पोचली. म्हणजे ज्या पाण्यात आमच्या कालिगोनोचे वाडवडील कुशीवर पडून सोंगे करीत होते, त्या पाण्यावर गोदाकाठचे पाय त्या दिवशी लागले. त्या नवांतल्या काहींसाठी तो भाग अगदी परका नव्हता. लहानपणी त्याच प्रदेशातून त्यांना बांधून नेले होते. गेले ते गुलाम म्हणून, आले ते मजूर म्हणून आणि अंगावर नाशिकचे शिक्षण घेऊन. त्या काठावर त्यांच्या मनात काय चालले असेल, ह्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. साहेबाच्या रोजनिशीत त्यांच्या कुरबुरी आहेत, आजार आहेत, पळून जाणे आहे.

पुढे लिव्हिंगस्टन सात वर्षे भटकला आणि १८७३ च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी, गुडघे टेकल्या स्थितीत, मेला. आरंभापासून शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिलेल्या मूठभर माणसांत मुंबईच्या शाळेतला चुमा होता आणि नाशिकचा गार्डनर होता. मागाहून येऊन मिळालेल्या नाशिककरांत जेकब वेनराइट होता. ह्या लोकांनी साहेबाचे काळीज तिथल्या झाडाखाली पुरले; वेनराइटने प्रार्थना म्हटली आणि त्या झाडावर नाव-तारीख कोरली. मग देह वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून, हजार मैलांवर वाट तुडवीत त्यांनी तो समुद्रकाठी आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत वेनराइट होता. पुढल्या वर्षी मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी वसाहत उभी राहिली, तिला 'फ्रियर टाऊन' नाव पडले, आणि शरणपूरची बरीच मंडळी तिकडे गेली. नाशिकचा आश्रम ओस पडला.

आता नावांचा हिशेब पाहा. सरोवराच्या माशाला लिव्हिंगस्टनचे नाव मिळाले, वसाहतीला फ्रियरचे मिळाले. गार्डनर आणि वेनराइट ही नावेसुद्धा त्या मुलांची स्वतःची नव्हेत. ती मिशनने दिलेली. आईबापांनी ठेवलेली नावे गलबतातच हरवली.

म्हणून मला आमच्या मुठेच्या माशांचे भाग्य थोर वाटते. १८२४ ते १८३१ ह्या काळात विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडत होता. माणसे मोजायची, पिके मोजायची, हे त्याचे काम. पण पक्षी, मासे, जे दिसेल ते त्याने टिपले. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांवरचा निबंध लंडनला वाचकांपुढे ठेवला. त्यात ४६ जाती आहेत. आणि ह्या साहेबाने एक मोठे सज्जनपणाचे काम केले. नव्या माशांना नावे देताना कितीतरी ठिकाणी त्याने इथल्या भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडचीच नावे उचलली आणि लॅटिनच्या शेपटाशी बांधून दिली. 'खुद्री', 'कोलस', 'मुल्या', 'नुक्ता', 'फुलुंगी', 'बोगट', 'पंगुट' ही नावे आज जगातल्या कोणत्याही मत्स्यशास्त्राच्या ग्रंथात सापडतात. दख्खनचा प्रसिद्ध महाशीर, 'टोर खुद्री', साइक्सने वर्णिला तो पुण्याच्या पूर्वेस आठएक मैलांवर मुळा-मुठेत मिळालेला. बर्लिनचा किंवा टोकियोचा प्राध्यापक आजही 'नुक्ता' म्हणतो, तेव्हा न कळत तो आमच्या नदीवरल्या एखाद्या निनावी भोयाचा शब्द बोलत असतो. नुक्ता मोठा मजेदार मासा. त्याच्या नाकाडावर टेंगूळ असते.

ह्या साइक्सच्या यादीनंतर १९४२ साली फ्रेझर ह्यांनी पुण्याच्या माशांची यादी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. पुढे ह्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या अभ्यासकांनी मुळा-मुठेची पुन्हा पाहणी केली. जुन्या यादीवर नवी यादी ठेवली की मन खट्टू होते. शहरातल्या पात्रातून कित्येक जुने रहिवासी निघून गेले आहेत. सांडपाणी, बंधारे, कारखाने, कारणे सगळ्यांना पाठ आहेत. पण नव्या यादीत काही नवी नावेही आहेत, आणि त्यांत एक आमच्या कालिगोनोचा आफ्रिकन भाऊबंद आहे. तो म्हणजे चिलापी.

चिलापी म्हणजे तिलापिया. हाही सिक्लिडच. त्याची मादीही अंडी तोंडातच धरते. फरक एवढाच की हा पट्टीचा शिकारी नव्हे, मिळेल ते खाणारा आहे. मूळ गाव आफ्रिकेचा पूर्व किनारा. पीटर्स नावाच्या जर्मन पंडिताने १८५२ साली त्याला मोझांबिकचे नाव दिले. १९३९ च्या सुमारास तो अचानक जावा बेटावर प्रकटला. मुजाइर नावाच्या एका गावकऱ्याला नदीच्या मुखाशी काही मासे सापडले, त्याने ते आपल्या तळ्यात वाढवले आणि आज अवघा इंडोनेशिया ह्या माशाला 'मुजाइर' म्हणतो. (साहेबाऐवजी खेडुताचे नाव माशाला चिकटल्याचे हे उदाहरण मला फार आवडते.) तिथून तो आशियाभर पसरला. गरिबाच्या ताटात स्वस्त मासा पडावा, ह्या चांगल्या हेतूने १९५२ साली तो बँकॉकहून मंडपमला आणला गेला. तो इतका भराभर वाढला आणि स्थानिक माशांच्या मुळावर आला की, १९५९ साली सरकारी समितीने त्याचा प्रसार थांबवायला सांगितले. तोवर व्हायचे ते होऊन चुकले होते. आज उजनीच्या जलाशयात, जिथे पुण्याचे सगळे पाणी शेवटी जाऊन साठते, जाळे टाकले की आधी चिलापी हाती येतो.

ही सारी हकीकत मला गोळा करावी लागली ती आमच्या भाच्यामुळे. टाकीतले तिन्ही लिव्हिंगस्टोनी मूळचे त्याचे. दुकानातून आणले तेव्हा बोटाच्या पेराएवढे होते. दीड वर्षात वीतभर झाले. न्यासाचे पाणी क्षारयुक्त, आणि खडकवासल्याचे आमच्या नळाला येणारे पाणी मऊ. म्हणून टाकीत संगमरवराची खडी घालावी लागते. पुण्याच्या डिसेंबरात पाणी गरम ठेवायला विजेची कांडी लागते; आणि वीज गेली तर हवेसाठी बॅटरीवरचा पंप. हे सगळे भाचा हौसेने करीत असे. मग त्याला बंगळुरूला नोकरी लागली. तिथली खोली दहा बाय दहाची. दुकानदार एवढे मोठे मासे परत घेईना. तेव्हा त्याच्या आजीने सुचवले, "पाषाणच्या तळ्यात सोडून दे बाबा, मुका जीव सुटेल, पुण्य लागेल."

तो माझ्याकडे विचारायला आला. "मामा, तिथे तेवढंच पाणी आहे, मोकळं आहे. काय बिघडलं?"

मी त्याला व्हिक्टोरिया सरोवराची गोष्ट सांगितली. न्यासासारखेच तेही सिक्लिडांचे माहेर. १९५० नंतरच्या दशकात तिथे नाइल पर्च नावाचा धिप्पाड शिकारी मासा सोडण्यात आला. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, मासेमारी वाढावी. पंचवीस-तीस वर्षे फारसे काही दिसले नाही. मग १९८० नंतर पर्च बेसुमार वाढला आणि तिथल्या लहान सिक्लिडांच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. लाखो लोकांना त्याच पर्चवर रोजगार मिळाला हेही खरे आहे, ते लपवून सांगण्यात अर्थ नाही. पण गेलेल्या जाती गेल्या. आपल्या तळ्या-ओढ्यांतले बोटभर मुल्या आणि फुलुंगी मेल्याचे सोंग कधी पाहिलेले नाहीत. ते कुतूहलाने जवळ जातील. कालिगोनो तिथे तगला नाही तर थंडीने, उपासाने मरेल. तगला तर काय होईल, ते चिलापीने दाखवले आहे.

भाचा गप्प बसला. आजींना मात्र पटले नाही. "एवढ्या मोठ्या तळ्याला तीन मासे जड झाले होय?" असे त्यांचे म्हणणे, आणि खरे सांगायचे तर जावातल्या मुजाइरच्या हाती लागलेले मासेही मोजकेच होते. शेवटी टाकी टेंपोत घालून आमच्याकडे आली. हे मासे दहा वर्षे जगू शकतात असे जाणकार म्हणतात. माझे वय पाहता मी सौभाग्यवतीला हा आकडा एकदम सांगितला नाही, हप्त्याहप्त्याने सांगितला. तिने नातवाला कामाला जुंपले आहे. दर रविवारी तो चौथा हिस्सा पाणी उपसतो आणि भरतो, आणि त्याबद्दल कालिगोनोला गोळ्या घालण्याचा मान त्याचा.

गेल्या महिन्यात त्याला घेऊन गणेश पेठेच्या मासळी बाजारात गेलो होतो. एका टोपलीत करडे, काटेरी पाठीचे, जाड ओठांचे मासे नीट रचून ठेवलेले. नातू ओरडला, "आजोबा, हा तर आपल्या माशाचा भाऊ!" चेहरा हुबेहूब तसाच. मी मासळीवाल्या मावशींना विचारले, "हा कुठला?"

"चिलापी, काका. आपल्या उजनीचा हाय, सकाळीच आलाय."

"पण मूळचा कुठला?"

मावशींनी कोयता पुसता पुसता माझ्याकडे एकवार पाहिले. "मूळचा उजनीचाच की. साफ करून देऊ का?"

अर्धा किलो घेतला.